मृत्यूची वेळ

लर्निंग लायसन्सचा ऑनलाइन अर्ज भरताना रक्तगट, पत्ता, शिक्षण या सगळ्याच्या गर्दीत एक प्रश्न येतो. अपघातात मृत्यू आला तर अवयवदान करायची तुमची इच्छा आहे का? हो किंवा नाही. आपण दोन सेकंदांत उत्तर देऊन पुढे जातो. मीही 'हो'वर टिक केली होती, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या डोक्यात फक्त शनिवारचा स्लॉट मिळेल का, एवढाच विचार होता.

हा प्रश्न मला पुन्हा आठवला तो दादामुळे. दादा म्हणजे माझा मावसभाऊ. २००९ साली तो मोटरसायकलवरून पडला. हेल्मेट नव्हतं. बुधवारी संध्याकाळी आयसीयूतल्या डॉक्टरांनी मावशीला बाजूला घेऊन सांगितलं, "मेंदूत आता काही उरलेलं नाही." पण व्हेंटिलेटर चालू होता, छाती वरखाली होत होती, हात गरम होता. शुक्रवारी पहाटे हृदय थांबलं. मधल्या दीड दिवसात आम्हाला कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मावशी काय म्हणाली असती, कुणास ठाऊक. कदाचित तिने विचारणाऱ्याला चपलेने मारलं असतं. पण अवयवदानाचा कायदा होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, आणि कागदावर सगळं तयार होतं. नव्हता तो फक्त विचारणारा माणूस.

सरकारने अवयवदानाला प्रोत्साहन द्यायचं म्हणजे काय करायचं? पोस्टर लावायची, दधीची ऋषींचं चित्र छापायचं, मॅरेथॉन काढायची, हे तर झालंच. (दधीचींचं उदाहरण मला नेहमीच थोडं चुकीचं वाटतं. त्यांनी आपल्या हाडांबद्दल स्वतः होकार दिला होता. इथे होकार दुसऱ्याला द्यावा लागतो, तोही आयुष्यातल्या सगळ्यात वाईट रात्री.) पण आपल्याकडचा इतिहास पाहिला तर सरकारची खरी मदत भलत्याच ठिकाणी सापडते. ती गोष्ट परळमध्ये सुरू होते.

१६ फेब्रुवारी १९६८. केपटाऊनमध्ये क्रिस्तियान बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण करून जेमतेम अडीच महिने झाले होते. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय प्रत्यारोपण केलं. जगातलं सहावं. बर्नार्ड, कँट्रोविट्झ आणि शमवे यांच्यानंतर हे धाडस करणारे सेन हे चौथे सर्जन, आणि तेही महापालिकेच्या रुग्णालयात. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी त्यांनी आणखी एकदा प्रयत्न केला, तोही रुग्ण वाचला नाही. त्याआधी १९६५च्या मे महिन्यात याच केईएममध्ये मृत दात्याची किडनी बसवण्याचा प्रयत्न झाला होता आणि तो रुग्ण अकराव्या दिवशी गेला होता. म्हणजे हात शिवशिवणारे सर्जन मुंबईत होते. अडचण दुसरीच होती.

डोळ्यांचं तसं सोपं असतं. हृदय थांबल्यावरही पाच-सहा तासांत बुबुळाचा पडदा काढता येतो, त्यामुळे नेत्रदानासाठी मरणाची व्याख्या बदलावी लागत नाही. मुंबई राज्याने १९५७ सालीच त्याचा कायदा करून टाकला होता. हृदयाचं तसं नाही. ते धडधडतं असतानाच काढावं लागतं. आणि कायद्याच्या भाषेत, किंवा साध्या माणसाच्या भाषेतही, ज्याचं हृदय धडधडतंय तो जिवंत. मग ते काढणारा डॉक्टर कोण ठरतो?

हा प्रश्न हवेतला नव्हता. १९६८च्याच ऑगस्टमध्ये जपानमधल्या सप्पोरो इथे जुरो वाडा या सर्जनने हृदय प्रत्यारोपण केलं. रुग्ण अडीच-तीन महिन्यांनी गेला. मग, ज्याचं हृदय काढलं तो तरुण खरोखर मेला होता का, असा प्रश्न उठला आणि वाडांवर खुनाच्या आरोपाची चौकशी लागली. पुराव्याअभावी खटला उभा राहिला नाही, पण जपानी समाजाने याचा इतका धसका घेतला की तिथलं पुढचं हृदय प्रत्यारोपण व्हायला १९९९ साल उजाडलं.

त्याच ऑगस्टमध्ये अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठाच्या एका समितीचा अहवाल आला. मेंदूचं काम कायमचं बंद पडलं असेल तर माणूस मेला असं मानावं, हृदय यंत्राच्या आधाराने चालू असलं तरी, असं त्यात म्हटलं होतं. आज आपण ज्याला 'ब्रेन डेड' म्हणतो ती कल्पना वैद्यकाच्या कागदांवर रुजली ती तिथून.

आपल्याकडे मात्र वर्षभरातच उलट दिशेचा कायदा झाला. १९६९चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा. मृत्यू म्हणजे जिवंतपणाच्या सर्व खुणा कायमच्या नाहीशा होणं, अशा आशयाची त्याची व्याख्या आहे. सर्व खुणा. त्यात धडधडणारं हृदयही आलं. ही व्याख्या लक्षात ठेवा, ती पुन्हा भेटणार आहे.

मग झालं काय, की मृत माणसाचा अवयव घ्यायची वाट बंद, आणि जिवंत माणसाची उघडी. १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात जिवंत दात्याच्या किडनीचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आलं. परक्या माणसाचा अवयव शरीराने नाकारू नये म्हणून ते देतात. त्याआधी किडनी शक्यतो भावाची, आईची लागायची. आता कुणाचीही चालू लागली. 'कुणाचीही' या शब्दाचा अर्थ बाजाराला लगेच कळला. मुंबई आणि मद्रास ही शहरं किडनी विकत घेण्यासाठी जगात प्रसिद्ध झाली. आखाती देशांतून रुग्ण यायचे, झोपडपट्टीतून दाते यायचे, आणि मद्रासच्या विल्लीवाक्कम या वस्तीला लोक सरळ 'किडनीवाक्कम' म्हणू लागले. यात बेकायदा असं काही नव्हतंच, कारण कायदाच नव्हता.

केंद्र सरकारने एल. एम. सिंघवी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९९१ साली अहवाल आला. पण कायदा करायचा कुणी? आरोग्य हा राज्यांचा विषय. संसदेला त्यावर थेट कायदा करता येत नाही. राज्यघटनेच्या कलम २५२मध्ये एक वाट आहे: दोन किंवा अधिक राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून 'तुम्हीच करा' असं सांगितलं तर संसद करू शकते. अवयव प्रत्यारोपण कायद्याच्या प्रस्तावनेत ती राज्यं नावानिशी लिहिलेली आहेत: गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र. शाळेत आपल्याला रोजगार हमी आणि माहितीच्या अधिकाराबद्दल सांगतात की महाराष्ट्र पुढे होता. याबद्दल कुणी सांगत नाही. बाजार जिथे भरला होता त्याच राज्याला तो मोडायचा कायदा हवा होता, हे कारण फारसं गौरवाचं नसेल म्हणून असावं.

८ जुलै १९९४ला राष्ट्रपतींची सही झाली. महिना उलटायच्या आत, ३ ऑगस्टला, दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी हृदय प्रत्यारोपण केलं आणि ते यशस्वी झालं. कायदा प्रत्यक्ष लागू झाला ४ फेब्रुवारी १९९५ला.

या कायद्याने दोन कामं केली. एक सगळ्यांना माहीत आहे: अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरला. दुसरं मला जास्त मोठं वाटतं. त्याने मृत्यूला दुसरी व्याख्या दिली. मस्तिष्कस्तंभ, म्हणजे मेंदूचा श्वास आणि शुद्ध सांभाळणारा खालचा भाग, कायमचा बंद पडला की माणूस मृत. हे एकट्या डॉक्टरने म्हणायचं नाही. चार जणांच्या मंडळाने सही करायची आणि त्यातला कुणीही प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतला नसावा. तपासण्या दोनदा करायच्या, मध्ये किमान सहा तास सोडून. डोळ्यांत उजेड टाकायचा, कानात थंडगार पाणी सोडायचं, आणि शेवटी व्हेंटिलेटर थोडा वेळ काढून छाती आपणहून हलते का ते पाहायचं.

कोमा आणि हे यांत लोकांचा नेहमी गोंधळ होतो. याच केईएममध्ये १९७३पासून २०१५पर्यंत एक परिचारिका अंथरुणाला खिळून होती. तिची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. ती शुद्धीत नव्हती, पण श्वास स्वतः घेत होती, तिचा मस्तिष्कस्तंभ जिवंत होता. या कायद्याने ती एक दिवसही मृत नव्हती. ज्याला हा कायदा मृत म्हणतो तो परत येत नाही, आणि त्याचं हृदयही बहुतेकदा काही तासांत, फार तर काही दिवसांत थांबतं. दादाचं दीड दिवसात थांबलं.

कायदा झाला, आणि फार काही घडलं नाही. मुंबईत २००० साली झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र सुरू झालं. कुठल्या रुग्णालयात दाता आहे, यादीत कुणाचा नंबर आहे, अवयव कुठे जाणार, याचा हिशेब ठेवणारी जागा. मग पुणे, नागपूर, औरंगाबाद. पण दाता केंद्रापर्यंत पोचण्याआधी आयसीयूतल्या कुणीतरी 'हा रुग्ण ब्रेन डेड आहे' असं म्हणायला हवं, चार सह्या जमवायला हव्यात आणि नातेवाइकांसमोर बसून विचारायला हवं. त्यातलं काहीही कुणावर बंधनकारक नव्हतं. डॉक्टरांना वाटायचं, कशाला उगाच? नातेवाईक आधीच भडकलेले, त्यात हे विचारायचं? आणि जिवंत दात्यांची 'भावनिक नातं' या कलमाची पळवाट उघडीच होती. घरमालकाला मोलकरणीबद्दल एकाएकी जिव्हाळा वाटू लागला की समितीपुढे फाइल यायची.

गोष्ट वळली ती तमिळनाडूत, आणि तीही लाज वाटल्यामुळे. २००७च्या सुरुवातीला बातम्या आल्या की त्सुनामीत घरं गेलेल्या मच्छीमारांच्या वस्तीत बायका किडन्या विकतायत. सरकारवर टीकेची झोड उठली. २००८मध्ये तिथल्या सरकारने एकामागून एक शासकीय आदेश काढले. ब्रेन डेथ ओळखून जाहीर करणं रुग्णालयांना सक्तीचं. अवयववाटपाचे नियम ठरलेले: दाता ज्या रुग्णालयात सापडला त्याला एक किडनी, दुसरी सामाईक यादीला. हे वाचायला रूक्ष वाटतं, पण नीट पाहा. खासगी रुग्णालयाला दाता शोधायची मेहनत करावीशी वाटेल, आणि सरकारी दवाखान्यातल्या गरिबाचाही नंबर लागेल, असा तो सौदा होता. कुठलाही ऋषी न आणता केलेला.

त्याच सप्टेंबरात चेन्नईजवळ पंधरा वर्षांचा एक मुलगा मोटरसायकल अपघातात ब्रेन डेड झाला. आईवडील दोघंही डॉक्टर. त्यांनी अवयव दिले. पोलिसांनी रस्ता मोकळा करून हृदय शहरातून पळवत नेलं आणि ते नऊ वर्षांच्या मुलीला बसवलं. तमिळ वर्तमानपत्रांनी तो मुलगा घराघरात पोचवला. नियम आधी तयार होते म्हणून त्या लाटेचं काहीतरी होऊ शकलं, नाहीतर बातमी आठवड्यात विरली असती.

स्पेनचं उदाहरण या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येतं, तेव्हा तेही उरकून घेऊ. तिथे १९७९च्या कायद्याने प्रत्येक नागरिकाला, त्याने नकार नोंदवला नसेल तर, दाता मानलंय. आपल्याकडेही तसंच करा, असं अधूनमधून कुणीतरी म्हणतं. पण स्पेनचे आकडे वाढले ते दहा वर्षांनी, १९८९ साली राष्ट्रीय संस्था उभी करून रुग्णालयांत समन्वयक नेमल्यावर. आणि तिथेही घरच्यांना विचारतातच. आज स्पेनमध्ये दर दहा लाख लोकसंख्येमागे मृत दाते चाळीसहून जास्त आहेत. भारतात एकाहून कमी.

भारताने हा धडा २०११च्या दुरुस्तीत घेतला. प्रत्यारोपण समन्वयक सक्तीचा झाला, आणि आयसीयूत विचारणं हे डॉक्टरांचं कायदेशीर कर्तव्य ठरलं. विक्रीची शिक्षा दहा वर्षांपर्यंत, दंड एक कोटीपर्यंत गेला. दुरुस्ती लागू झाली २०१४च्या जानेवारीत. म्हणजे मावशीला विचारायला हवं होतं असं कायदा म्हणू लागला, पण पाच वर्षं उशिरा.

हा समन्वयक म्हणजे बहुतेकदा एमएसडब्ल्यू केलेली पंचवीस-तीस वर्षांची मुलगी किंवा मुलगा. डॉक्टरांनी मृत्यू सांगितल्यावर ती येऊन बसते. पाणी आणून देते. पोलिसांचा पंचनामा, पोस्टमॉर्टेम, शववाहिका यांची धावपळ करते. अपघात असला की पोस्टमॉर्टेम अटळ, आणि इंग्रजांच्या काळापासून ते सूर्यास्तानंतर करत नसत. रात्री अवयव दिले तरी देहासाठी सकाळपर्यंत ताटकळत बसायचं. अनेकांचा होकार या एका कारणाने फिरत असेल, आणि त्यांना दोष कसा द्यायचा? केंद्राने ही अट २०२१च्या नोव्हेंबरात काढली. रात्रीही पोस्टमॉर्टेम करता येऊ लागलं, आणि अवयवदानाच्या प्रकरणांना त्यात प्राधान्य मिळालं. प्रोत्साहन म्हणतात ते हे. त्याची कुणी जाहिरात केली नाही.

मुंबईची गोष्ट अर्धी राहिली. ३ ऑगस्ट २०१५. पुण्यात ब्रेन डेड झालेल्या एका महिलेचं हृदय विमानाने मुंबईला आणि तिथून पोलिसांनी मोकळ्या केलेल्या रस्त्याने मुलुंडच्या रुग्णालयात आलं. डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने ते बावीस वर्षांच्या तरुणाला बसवलं. तो जगला. मुंबईतलं हे पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण. सेन यांच्या प्रयत्नानंतर मध्ये ४७ वर्षं गेली. या ४७ वर्षांत मुंबईत हृदयाचे सर्जन कमी नव्हते, पैसा कमी नव्हता, रस्त्यावरचे अपघात तर कधीच कमी नव्हते.

पैशाचं काय? इराणने १९८८पासून जिवंत दात्याला मोबदला द्यायची सरकारमान्य पद्धत ठेवली आहे. भारताने ती वाट नाकारली, आणि आपला किडनीबाजार पाहता ते बरोबरच झालं असं माझं मत आहे. पण पैसा नाही तर मग काय द्यायचं, हा प्रश्न उरतोच. २०२३च्या एप्रिलमध्ये केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांना अवयव दिल्यास ४२ दिवसांची विशेष रजा मंजूर केली. त्याच वर्षी ६५ वर्षांवरच्या रुग्णांनाही मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवता येईल आणि त्यासाठी त्या राज्याचे रहिवासी असण्याची अट नसेल, असं ठरलं.

आणि २३ सप्टेंबर २०२३ला तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन यांनी जाहीर केलं की अवयवदात्यांवर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार होतील. पुढच्या फेब्रुवारीत ओडिशानेही तेच केलं. मी ही बातमी वाचली तेव्हा हसलो होतो. निवडणुका जवळ आल्या की पुष्पचक्रं वाढतात, असं काहीतरी मित्राला लिहिलंही. नंतर मत बदललं. गावात अवयव दिलेल्या घराबद्दल काय कुजबुज होते, ते आठवून पाहा. 'पोराचे पैसे घेतले.' 'डॉक्टरांनी मुद्दाम मारलं.' 'पुढच्या जन्मी आंधळा होणार.' यातलं पहिलं वाक्य त्या किडनीबाजारानेच गावात आणून सोडलंय. घरच्यांनी कितीही सांगितलं तरी ते पुसत नाही. पण साक्षात कलेक्टर चप्पल काढून दारात उभा राहिला की आळीतल्या लोकांना तोंड मिटावं लागतं. हे काम एक रुपया न देता फक्त सरकारच करू शकतं.

आकडे वाढलेत. २०१३ साली देशात पाच हजारांच्या आत प्रत्यारोपणं झाली होती, २०२३ साली १८,३७८. पण यातले मृत दाते किती? १,०९९. तेही मुख्यतः तेलंगणा, तमिळनाडू, कर्नाटक, महाराष्ट्र, गुजरात इथले. बाकी बहुतेक सगळं ओझं जिवंत दात्यांवर, आणि त्यांत बायका पुरुषांहून कितीतरी जास्त. आई देते, बायको देते. घेणाऱ्यांच्या यादीत मात्र पुरुष पुढे. मृताकडून अवयव मिळत नाहीत तेव्हा बिल कुणाच्या नावावर फाटतं, हे त्या दोन याद्या शेजारी ठेवल्या की दिसतं.

पश्चिम विभागाचं प्रत्यारोपण कार्यालय, महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश, छत्तीसगड असं सगळं बघणारं, आज परळला केईएमच्याच आवारात आहे. सेन यांच्याकडे जे नव्हतं ते तिथे आहे: फॉर्म, याद्या, चोवीस तास उचलला जाणारा फोन.

आता ती जुनी व्याख्या. १९६९च्या नोंदणी कायद्यातलं 'सर्व खुणा' अजून तसंच आहे. १९९४च्या कायद्यातली दुसरी व्याख्या आहे, पण ती अवयवदानाच्या कायद्यात. त्यामुळे विचित्र गोष्ट घडते. चार डॉक्टरांनी सही केली, घरच्यांनी होकार दिला, तर तो माणूस त्या सहीच्या वेळी मेला. घरच्यांनी नकार दिला तर व्हेंटिलेटर काढायचा की नाही, हे डॉक्टरलाही कळत नाही, आणि बहुतेक जण काढत नाहीत. हृदय थांबेपर्यंत मीटर चालू राहतो, बिलाचाही. केरळने २०२० साली मार्गदर्शक सूचना काढून ब्रेन डेथचं प्रमाणपत्र अवयवदानापासून वेगळं केलं: दान असो-नसो, मृत्यू तो मृत्यू. इतर राज्यं त्या वाटेने अजून फारशी गेलेली नाहीत.

दादाच्या मृत्यूच्या दाखल्यावर शुक्रवारची पहाट आहे. गुरुजींनी तिथी विचारली तेव्हा काकांनी दाखला पुढे केला, आणि मावशी आतून म्हणाली, "बुधवार." त्यावर बराच वाद झाला. श्राद्ध दाखल्याप्रमाणे होतं. मावशी बुधवारच्या तिथीला काही बोलत नाही, फक्त जेवत नाही.